आला का नंबर?

कुणाचा मुलगा परदेशी गेला की लोक विचारतात, "पोचला का नीट? थंडी कितपत आहे?" आमच्या सोसायटीतले काका विचारतात, "नंबर आला का?" मोबाइलचा नव्हे, तो विमानतळावरही मिळतो, त्याला काका नंबर धरत नाहीत. त्यांना तिथल्या सरकारने दिलेला नंबर हवा असतो. तो हाती पडेपर्यंत पोरगं त्या देशात नुसतं उतरलेलं असतं, मार्गी लागलेलं नसतं.

असे काका भांडुप पश्चिमेला, कोकण नगरपासून टेंभीपाड्यापर्यंत, हल्ली बिल्डिंगमागे एक निघतात. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत उभी हयात लेथवर गेली. कारखाने जाऊन टॉवर आले, पोरं इंजिनिअर झाली आणि हिंजवडीमार्गे म्युनिक, न्यू जर्सी, दुबईला पांगली. काकांच्या स्वतःच्या पासपोर्टावर एक शिक्का नाही. पण ज्ञान असं की संध्याकाळी शिवाजी तलावाच्या कट्ट्यावर बसले की आजूबाजूचे चार जण आपोआप फाइल घेऊन येतात.

"अमेरिकेचा नऊ आकडी. तीन, दोन, चार. उतरल्या उतरल्या धावायचं नाही. दहा दिवस थांबायचं, आपली एन्ट्री त्यांच्या कॉम्प्युटरला चढू दे. फी नाही. पैसे मागेल तो चोर." दुबईचा पंधरा आकडी, सुरुवात 784 ने, पुढे जन्मसाल, म्हणजे निम्मा नंबर इथूनच पाठ करून जाता येतो. स्वीडनच्या नंबरात अख्खी जन्मतारीख असते हे कळल्यापासून काकांना तो देश स्थळं बघायला फार सोयीचा वाटतो.

जर्मनीवर मात्र त्यांची खरी हुकमत, कारण तिथे चिरंजीव. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. तिला तिकडे आनमेल्डुंग म्हणतात, काका 'अनमोल डुंग' म्हणतात. तिला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. मग टॅक्सचा अकरा आकडी नंबर पोस्टाने घरी येतो. चिरंजिवांचा येईना. ऑफिसातले सहकारी म्हणाले वाट बघ, मेल कर. काकांनी भांडुपला बसल्या बसल्या विचारलं, "पत्रपेटीवर नाव कुणाचं आहे?" आधीच्या भाडेकरूचं होतं. तिकडे घरांना खोली क्रमांक क्वचितच. पोस्टमन पेटीवरची नावं बघून पत्र टाकतो. "अरे, चाळीत वाढलास ना तू? कागदावर नाव लिही, वरून सेलोटेप मार!" नंबर आला. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. इन्कम टॅक्सवाल्यांची चिठ्ठी आली म्हणून पेढे वाटणारा भांडुपातला हा पहिलाच गृहस्थ असावा.

अमेरिकेने मात्र त्यांना दुखावलंय. काकांच्या घरी रेशनकार्ड, दहावीचं मार्कशीट, लग्नाचा दाखला, झालंच तर गॅसचं पुस्तक, सगळं लॅमिनेट केलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं अमेरिकन कार्ड आलं तेव्हा काकांनी व्हिडिओ कॉलवर पहिला सल्ला तोच दिला. ती म्हणाली, "काका, लॅमिनेट करू नका असं त्यांचं खातंच सांगतं. आणि बरोबर घेऊन फिरूही नका म्हणतात." साधं कागदी कार्ड, तेही घरात ठेवायचं! "कसली महासत्ता," काका आठवडाभर म्हणत होते, "आमच्या झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपयांत होतं."

या सगळ्याला हसणं सोपं आहे. पण काका कणकवलीहून इथे आले तेव्हा त्यांचं नाव मामाच्या रेशनकार्डावर चढायला वर्ष गेलं होतं. त्या वर्षात मामी रॉकेलचा डबा उचलताना रोज एकदा त्यांच्याकडे बघायची. बघायची म्हणजे काय, ते कार्ड नसलेल्यालाच कळतं. मुलाच्या पगाराचा आकडा काकांनी अजून विचारलेला नाही.

त्यांची बोलती फक्त एका केसला बंद होते. तिसऱ्या मजल्यावरची सून नवऱ्याबरोबर एच-4 व्हिसावर अमेरिकेला गेली. त्याला नंबर मिळाला, तिला नाही. कामाची परवानगी नाही, म्हणून नंबर नाही. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बँकेत होती ती इथे. तिकडे घराचा हिशोब तीच ठेवते, नंबर त्याला." काका फाइल उघडून बराच वेळ कसलासा कागद शोधत राहिले.

आपल्या आधारचा त्यांना अभिमान. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, हे ते म्युनिकला अशा थाटात ऐकवतात, जणू टेंभली टेंभीपाड्याची सख्खी बहीण. पंचाईत एवढीच की, लेथने काकांच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या आहेत. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, आणि यंत्राला त्यांचा अंगठा काही पटत नाही. यंदा चेहरा दाखवून दाखला काढायचं ठरलं. काकांच्या मोबाइलवर अॅप, काकूंच्या मोबाइलवर म्युनिक.

"बाबा, चष्मा काढा. गोलात चेहरा आणा. आता फक्त पापण्या मिटा-उघडा."

"तुमच्याकडे हे असलं आहे का रे? पेन्शनवाल्यांना काय करतात तिकडे?"

"बाबा, बोलू नका. तोंड हललं की नापास होतंय."

"नाही, मी म्हणतो, तिकडे पोस्टाने जर..."

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही जिवंत आहात ते अख्ख्या सोसायटीला ऐकू येतंय. मोबाइलला तेवढं गप्प राहून दाखवा."