पुडीमीमांसा

आमच्या फडताळात श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा एक डबा आहे. त्यात श्रीखंड शेवटचं कधी होतं ते आता कुणाला आठवत नाही. सध्या त्यात ४३ पुड्या आहेत. बुटांच्या खोक्यांतून आलेल्या, पर्सच्या चोरकप्प्यांत सापडलेल्या, कॅमेऱ्याच्या पिशवीतल्या, आणि एक तर मिक्सरच्या थर्मोकोलमधून ओढून काढलेली. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत 'खाऊ नये' असं ठळक छापलंय, आणि आईने डबा ठेवलाय पोहे आणि साबुदाणा यांच्या मधोमध. टाकू म्हटलं की उत्तर ठरलेलं: "असू दे, कशाला तरी लागेल."

हे 'कशाला तरी' म्हणजे नक्की कशाला, याचा छडा लावण्यासाठी प्रस्तुत लेखकाने एक अख्खा आषाढ खर्ची घातला. त्या तपश्चर्येचं फळ पुढे मांडलं आहे.

आधी नामनिर्णय. 'सिलिका जेल' यातला दुसरा शब्द पाहताक्षणी खोटा वाटतो. जेल म्हणजे लिबलिबीत काहीतरी. पुडीत तर साबुदाण्याएवढे खडखडीत मणी. पण हे मणी जन्मतः लिबलिबीतच असतात. सोडियम सिलिकेटच्या पाण्यात गंधकाम्ल घातलं की खरवसासारखा थलथलीत गोळा धरतो. तो धुऊन वाळवला की आतलं पाणी निघून जातं आणि पाण्याच्या जागा रिकाम्या राहतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वॉल्टर पॅट्रिक यांना या कृतीचं पेटंट १९१९ साली मिळालं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी हा पदार्थ कामाला आला, दुसऱ्यात त्याने पेनिसिलिन कोरडं ठेवलं, आणि आता तो माझ्या आठ नंबरच्या बुटात झोपतो. पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराला सोसायटीच्या गेटवर बसवावं, तसंच हे.

पहिला शब्द मात्र खानदानी. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एकास दोन. नदीची वाळू बहुतांशी तीच, गारगोटी तीच, चकमक तीच. मग शंका येते की वाळूची पुडी करून बुटात का घालत नाहीत? वाळूवर पाणी ओता, ते कणांमधून वाहून जातं. कण आतून भरीव, पाण्याला राहायला खोली नाही. जेलचा मणी म्हणजे नुसत्या खोल्याच. भिंती सिलिकेच्या, आणि खोल्यांची रुंदी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढी. एका ग्रॅममधल्या या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर साधारण ७०० चौरस मीटर भरतात. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे चिमूटभर मण्यांत पाच मैदानं आणि वर प्रेक्षकांना उभं राहायला जागा. आणि हा निव्वळ कार्पेट एरिया आहे, जिना-लिफ्ट धरून फुगवलेला नव्हे.

पाणी या भिंतींना चिकटून बसतं. शोषणे हा शब्द इथे ढिला पडतो. स्पंज शोषतो, सिलिका नुसती धरून ठेवते. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. आमच्या आळीत याला उधारी वसूल करायला आलेला माणूस म्हणतात: दारात बसतो, आत येत नाही, आणि उठतही नाही.

आता प्रयोग. कॅमेऱ्याबरोबर सीलबंद पिशवीत आलेली ५ ग्रॅमची पुडी मी सील फोडल्याबरोबर नाक्यावरच्या सोनाराकडे नेली, कारण गावात मिलिग्रॅमपर्यंत खरं बोलणारा काटा तेवढा एकच. कागदासकट ५.४ ग्रॅम. मग आठ दिवस ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. बाहेर आमचा कोकणातला पाऊस. काडेपेटीची काडी ओढली की ठिणगीऐवजी गुलाचा लगदा निघावा असे दिवस. आठव्या दिवशी पुन्हा काट्यावर: ७ ग्रॅम. सोनाराने पुडी उचलली, उलटी केली, परत ठेवली. काटा ७ वरच.

"सर, आमच्या धंद्यात घट धरतात," तो म्हणाला. "वाढ पहिल्यांदाच पाहिली."

मग जरा थांबून, "आत काय आहे?"

"वाळू."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळचे पैसे घेतले नाहीत. दयेने, असा माझा तर्क आहे. हिशेब असा: मण्यांच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी आठ दिवसांत चढलं, आणि हात लावला तर पुडी कोरडीच. हवा पुरेशी दमट असेल तर हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास जातो.

आता मुख्य वादाकडे येऊ. पूर्वपक्ष म्हणतो, ज्या अर्थी 'खाऊ नये' असं छापलंय त्या अर्थी ते जहर असणार. हा पक्ष आमच्या मजल्यावर बहुसंख्य आहे. शेजारच्या वहिनी पुडी चिमट्याने उचलतात. उत्तरपक्षाने मात्र घरातली पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचलेली असतात. सूपची पावडर, तयार मसाला असल्या कितीतरी पाकिटांवर गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थाचा क्रमांक ५५१ असा असतो. क्रमांक ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. म्हणजे पुडी बाहेर ठेवून जे खायचं, त्यात तीच वस्तू चिमूटभर घालून आलेली. पुष्कळशा टूथपेस्टमध्येही दात घासणारा पदार्थ म्हणून सिलिकाच असते. आजीच्या वेळी कोकणात भाताच्या तुसाची राख दातांना लावत. तूस जाळलं की वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सगळी सिलिकाच. भाताचं पातं बोट कापतं, तेही तिच्याच जोरावर. थोडक्यात राखुंडी सोडून ट्यूबवर आलो, सिलिका काही सुटली नाही.

मग 'खाऊ नये' कशासाठी? पुडी लहान मुलाच्या घशात अडकू नये म्हणून. मणी पोटात गेले तर बहुधा आल्या वाटेने नव्हे, पण पुढच्या वाटेने निघून जातात. अपवाद निळ्या मण्यांचा. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. कोरडं असताना निळं, ओल धरली की गुलाबी. दिसायला मोहक, आणि खरोखरच तोंडापासून लांब ठेवण्याजोगं. युरोपात ते कर्करोगकारक ठरलं, तेव्हापासून नारिंगीचे हिरवे होणारे मणी आले.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवायला हवी. पुडीला भिणारी आमची पिढी शाळेत पाटीवरची पेन्सिल खात असे. मी स्वतः दिवसाला अर्धी. आम्हाला तिने काही केलं नाही. ज्यांना केलं ते मध्य प्रदेशात मंदसौरला होते, जिथे ती पेन्सिल दगडातून करवतीने कापली जाई. त्या भुकटीतली सिलिका श्वासाबरोबर फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. सिलिकोसिसने तिथे घरंच्या घरं कर्त्या पुरुषांविना राहिली. खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांचंही तेच. त्यांच्या धुळीवर 'श्वास घेऊ नये' असं छापायची सोय नव्हती.

राहिलेला गोतावळा भराभर. कणकवलीजवळच्या कासार्ड्याची सिलिका वाळू ट्रकांत भरून घाट चढते. वाळूच्या साच्यात लोखंड ओतण्याचं काम कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत चालतं. लोखंड वितळलं तरी वाळू वितळत नाही, कारण तिला सुमारे १,७०० अंश लागतात. सोडा आणि चुनखडी घातली की मात्र ती पुष्कळ आधी नमते आणि काच होते. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच अशीच झाली. टायरच्या रबरात सिलिका घातली की चाक कमी इंधनात फिरतं. आणि मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात तिचा एक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा लहरी नाही: तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि त्या एकावर सेकंदकाटा एक घर सरकतो. एवढं करूनही आमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, कारण वडिलांनी ते तसंच लावलंय.

शेवटी डब्याचं काय करायचं? मणी १२० अंशांच्या आसपास तापवले की धरलेलं पाणी सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात. पुडीसकट तापवू नये, वेष्टण आक्रसतं; हा शोध स्वयंपाकघरात वासासकट लागला. आईने मग कारभार हाती घेतला. निळे मणी बाजूला काढले, पांढरे एका जुन्या तव्यावर मंद आचेवर परतले, गार झाल्यावर मलमलीच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि पापडाच्या डब्यात तळाशी ठेवली. श्रावण उलटला तरी पापड मोडताना आवाज येतोय.

परवा भाच्याला डब्यात ती पुरचुंडी सापडली. "आजी, हे काय?"

"गारगोटी," आई म्हणाली.

मी दुरुस्ती सुचवायला तोंड उघडलं होतं. पण 'भोकं पडलेली' एवढ्या एका विशेषणापलीकडे जोडण्यासारखं काही निघेना, आणि तोवर त्याने पापड पळवला होता.