लाव्हारसाच्या पायऱ्या आणि बावीस गिअर

पुणेकराला अभिमान वाटायला फारशी कारणे लागत नाहीत. तरीही ज्या एका गोष्टीचा त्याने खुशाल अभिमान धरावा, ती त्याच्या बोलण्यात कधी येत नाही. ती म्हणजे आपण ज्वालामुखीच्या अंगणात राहतो. सिसिलीतल्या एटनावर इटलीची मोठी सायकल शर्यत चढते. तेनेरिफ बेटावरच्या तैदे ज्वालामुखीवर युरोपातले नामांकित सायकलपटू सरावासाठी मुक्काम ठोकतात. त्यांची छायाचित्रे मोबाइलवर पाहून आपला सायकलवाला उसासा टाकतो, आणि तोही बोपदेव घाटाच्या एखाद्या वळणावर धापा टाकत उभा असताना, म्हणजे लाव्हारसावरच एक पाय टेकवून.

त्याचाही फारसा दोष नाही. ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांपुढे शंकू येतो, वर धूर येतो. आमच्या सह्याद्रीने असला देखावा केला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि लाव्हारस बाहेर येऊन पसरत गेला. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, भाकऱ्यांची चळत लावावी तसे. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या बसाल्टखाली आहे. कोयनेला शास्त्रज्ञांनी छिद्र पाडत नेले तेव्हा बसाल्ट संपायला हजार मीटरहून अधिक खोल जावे लागले. दोन थरांच्या मध्ये कधी कधी इतकी मोठी विश्रांती झाली, की वरची माती तयार झाली आणि मग पुढच्या लाव्हारसाने ती भाजून विटकरी केली. घाटात डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या दगडात ही तांबडी रेघ दिसते. दुपारची विश्रांती ही पुण्याची जुनी परंपरा आहे असे आपण म्हणतो. ती किती जुनी, हे त्या रेघेवरून कळते.

या थरांचा सायकलवाल्याशी संबंध थेट मांड्यांमधून येतो. घट्ट, टणक थराचा होतो कडा. सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून त्याची होते पसरट माची. म्हणून सह्याद्रीचा डोंगर एका दमात वर जात नाही. कडा, सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, अशा पायऱ्यांनी तो चढतो. गड बांधणाऱ्यांनी हे बरोबर हेरले होते. खालच्या सपाटीवर माची आणि वरच्या कातळावर बालेकिल्ला, हा नकाशा अर्धा लाव्हारसानेच काढून ठेवला होता. घाटरस्ता आखणाऱ्यांनीही तेच केले. आणि या दोघांइतकाच जाणकार माणूस म्हणजे चहाची टपरी टाकणारा. चढ संपून जिथे पाय जरा मोकळे होतात, नेमकी तिथे त्याची किटली उकळत असते. भूशास्त्राचा एवढा उपयोजित अभ्यास विद्यापीठातही होत नसेल.

पुण्यातून निघणाऱ्या वाटांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. सिंहगड हा परीक्षक. खडकवासल्यापर्यंत तो तुम्हाला धरणाच्या पाण्याकडे पाहत मजेत येऊ देतो. पायथा ओलांडला की सुमारे 9 किलोमीटरांत सहाशे मीटरच्या आसपास उंची वसूल करतो. मध्ये सपाटी देतो ती फक्त पुढचा चढ अधिक बोचावा म्हणून. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही नसते, तर किती जण पुन्हा गेले असते याची मला शंका आहे. पावसाळ्यात मात्र गड परीक्षा स्वतःच रद्द करतो. बसाल्टच्या भेगांत पाणी शिरते, दरड सुटते आणि रस्ता बंद होतो.

कात्रजचा जुना घाट त्या मानाने मवाळ. 1663 मध्ये लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला याच घाटाकडे पिटाळले, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून मराठीत ‘कात्रजचा घाट दाखवणे’ चालू आहे. सायकलवाल्यांत तो नवख्याला दाखवतात. ‘बोगदा आला की चढ संपला’ असे सांगतात, आणि हे खरेही असते. फक्त बोगद्यानंतरच्या उतारावरून परत येताना तोच चढ होतो, हे सांगायचे राहते.

पूर्वेकडे बोपदेव आणि दिवे ही जोडी. कोंढव्याकडून बोपदेव चढायचा, सासवडला न्याहारी करायची आणि दिवे घाटाने मस्तानी तलाव पाहत वडकीला उतरायचे, ही रविवारची ठरलेली प्रदक्षिणा. बोपदेव आखूड पण तिखट. दिवे लांब आणि समजूतदार. तरी दिवे घाटात जरा नम्र राहावे. आषाढी वारीत याच रस्त्याने ज्ञानोबांची पालखी सासवडला जाते, रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन अभंग म्हणत वर येतात. घाटात कमी गिअर टाकण्याची कल्पना बैलजोडीच्या रूपाने इथे आधीच होती. बावीस गिअरच्या सायकलवर बसून ज्याला दिवे घाटात श्वास पुरत नाही, त्याने त्या आजींपुढे आपली सरासरी सांगू नये.

पश्चिमेचा मामला वेगळा. मुळशी, ताम्हिणी असे निघाले की रस्ता धरणाच्या कडेने वर-खाली करत, फारसा त्रास न देता सरकत राहतो, आणि मग जमीनच संपते. पुण्याच्या बाजूला पायऱ्यांनी उतरलेला सह्याद्री कोकणाच्या बाजूला भिंतीसारखा तुटला आहे. म्हणून इथल्या नद्याही कोकणात उडी न मारता उलट्या पूर्वेला, बंगालच्या उपसागरापर्यंतचा लांबचा रस्ता धरतात. नदीचे हे शहाणपण सायकलवाल्याकडे नसते. तो ताम्हिणीच्या उतारावर गाणी म्हणत कोकणात उतरतो आणि परतीचे गणित तळाला पोचल्यावर मांडतो. भिंत चढून येणाऱ्यांचा मान मात्र मोठा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. ज्या घाटात आगगाडीलाही मागून इंजिन लावावे लागते, तिथे दोन पायांवर वर येणाऱ्याला राजा म्हटले तर काही जास्त नाही.

या वाटांवरची माणसे राजेपण फार काळ टिकू देत नाहीत. घट्ट कपडे, काळा चष्मा आणि कलिंगडाच्या फोडीसारखे शिरस्त्राण घालून टपरीवर टेकावे, तर पांढऱ्या टोपीतले आजोबा सायकल एका बोटाने उचलून बघतात. ‘पाव्हनं, केवढ्याला पडली?’ आकडा अर्धा करून सांगितला तरी ते मान हलवतात. ‘त्यात मोटारसायकल आली असती की.’ मग सायकलीभोवती एक फेरी मारून, ‘आन् ह्याला श्टँड बी न्हाई?’ हा शेवटचा घाव. टपरीवरच्या मावशी अधिक मायाळू. त्या चहात साखर जास्त घालून विचारतात, ‘दादा, घरी काय भांडान झालं का?’

शहरात परतावे तर तिथे वडीलधारे तयार असतात. पुणे हे सायकलींचे शहर होते तेव्हा तासाच्या भाड्याने सायकल मिळे, नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावावा लागे, आणि डबलसीट किंवा दिवा नसताना सापडले तर पोलीस अडवी. त्या पिढीतल्या प्रत्येकाने बिनगिअरच्या काळ्या सायकलवरून महाबळेश्वर केलेले असते. दरवर्षी त्यात पसरणीचा घाट थोडा उंच होतो. पुढे स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली गेली. 2017-18 च्या सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली रस्तोरस्ती उगवल्या आणि तशाच मावळल्या. आणि 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरसाठी परदेशी सायकलपटू याच डोंगराळ तालुक्यांतून धावले. त्यांच्यासाठी मार्गावरचे रस्ते गुळगुळीत झाले, तेव्हा वर्षानुवर्षे खड्डे चुकवणाऱ्या आम्हा मंडळींना पाहुणे येणार म्हणून घर आवरल्याचा आनंद झाला. असे पाहुणे वर्षातून चारदा यावेत.

रस्ते कशाचे होतात हेही पाहण्यासारखे आहे. वाघोलीकडच्या खाणींतून निघालेल्या काळ्या दगडाची खडी डांबरात मिसळून चाकाखाली येते. म्हणजे घाट लाव्हारसाचा आणि रस्ताही लाव्हारसाचाच. त्याच वाघोलीच्या खाणींत दगडाच्या पोकळ्यांमधून कॅव्हनसाइट नावाचे निळेभोर स्फटिक निघतात आणि जगभरचे संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. ज्यांना घाट झेपत नाही त्यांच्यासाठी सोपी वाटही आहे. जंगली महाराज रस्ता. 1976 च्या सुमारास झालेल्या या रस्त्याला 10 वर्षांची हमी होती आणि तो ती कितीतरी पटींनी पाळून बसला. त्याच्याच कडेला पाताळेश्वराचे लेणे अखंड बसाल्टात कोरलेले आहे, साधारण आठव्या शतकातले. चढ शून्य, लाव्हारस भरपूर.

मोटारीतून घाट पार होतो, पण दिसत नाही. तांबडी रेघ, कड्यानंतरची माची, दगडातले पांढरे ठिपके या गोष्टी ताशी सात-आठ किलोमीटरने जाणाऱ्यालाच दिसतात, कारण त्याला दुसरे काही बघायला बळ उरलेले नसते. चढावर हळू जाणे ही कमजोरी नाही, हा भूगोल वाचायचा वेगच तेवढा आहे, असे माझे ठाम मत आहे आणि माझ्या वेगाला ते सोयीचेही आहे. तेव्हा पाऊस उघडला की एका रविवारी बोपदेव-दिवे करून या. सहाच्या आत निघा, मागचा दिवा लावा, आदल्या रात्री ब्रेक तपासा, चहापुरते सुटे पैसे ठेवा. चढाला घाई करू नका आणि उताराला तर अजिबात करू नका. 6.6 कोटी वर्षे थांबलेला डोंगर आणखी अर्धा तास थांबेल.