स्पॅनियर्डचं शेपूट

रायपूरच्या शंकर नगरात आमच्या इमारतीत सिंधी, पंजाबी, उडिया, बंगाली आणि आम्ही. इथे नावगाव कुणी विचारत नाही, 'मराठी अंकल' एवढ्यावर भागतं. परवा शेजारची नववीतली पोर इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. "अंकल, फ्रेंच, पोर्तुगीज़ तो ठीक है, पर स्पेनवाला स्पॅनियर्ड क्यों?"

प्रश्न रास्त होता. हे शेवटचं 'अर्ड' मूळचं जर्मानिक. अर्थ कणखर, शूर. रिचर्डच्या नावात ते अजून ताठ उभं आहे. फ्रेंचांच्या हाती पडलं आणि बिघडलं. मग इंग्रजीत ड्रंकर्ड, कॉवर्ड, स्लगर्ड अशी बेवड्या, भेकड आणि आळशी मंडळींची पंगत बसली. त्याच पंगतीत जुन्या फ्रेंचमधून आलेला स्पॅनियर्डही. यात शिवी नाही, असं इंग्रज म्हणतात. शिवी देणारा असंच म्हणतो.

आपल्याकडे मात्र स्पेनवाल्यांची शिवी देण्याइतकीही दखल नाही. मराठेशाहीच्या राजनीतीवरच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, हजेरी आहे: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. तामिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला मूठभर माणसं, पण त्यांनाही नाव मिळालं! स्पेनचा पत्ता नाही. खरं तर १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. १६३०मध्ये शिवराय जन्मले, तेव्हा गोव्याचा धनी माद्रिदला बसत होता. पण कारभारी पोर्तुगीज, भाषा पोर्तुगीज. वरचा धनी बदलल्याचं इकडे कुणाला सोयरसुतक? फिरंगी तो फिरंगीच.

वेगळं नाव पडायला वेगळा उपद्रव द्यावा लागतो. त्यात आम्ही मराठे कुठे कमी पडलो नाही. १७४१च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत इथलंच रतनपूर घेऊन पुढे बंगालवर गेले. स्वाऱ्या दहा वर्षं चालल्या. आमच्या बारगिराचा तिकडे 'बर्गी' झाला आणि त्याच्या धाकाने बंगाली आया पोरं झोपवू लागल्या. कलकत्त्यात १७४२मध्ये आमच्या भीतीने खंदक खणायला घेतला, त्यालाही नाव 'मराठा डिच'. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. घोडासुद्धा स्वतःचा नाही, आणि दहशत एवढी!

हे सगळं खालच्या मजल्यावरच्या बंगाली भाभींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भाईसाहब, अब घोड़ा कहाँ है?" पार्किंगमध्ये स्कूटर आहे. तिचे हप्ते अजून बँकेला जातात, तेव्हा मी आजही अस्सल बारगीरच.