चार लोकांना मानधन द्या

'चार लोक काय म्हणतील' या संस्थेचा यथोचित गौरव व्हायला हवा. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की सारख्या लांबीची रेघ ओळखताना तिघांनी एकमुखाने भलत्याच रेघेला 'हीच बरोबर' म्हटलं, तर डोळे शाबूत असलेला माणूसही सुमारे ३२ टक्के वेळा मान डोलावतो. तिघांत भागतं; आपण खबरदारी म्हणून चौथा ठेवला. एक जरी सोबती खरं बोलला तर दबाव ढासळतो, म्हणून तसा सोबती घरात निपजूच देत नाही. याने स्वत्व मरतं, हा आक्षेप फिजूल: मतच नसलं की ते चुकल्याची नामुष्कीही नाही. सबब मुलाची शाखा, मुलीचं स्थळ आणि साखरपुड्यातली तिसरी भाजी ठरवणाऱ्या या चौघांना सरकारी मानधन द्यावं. अडचण एकच. अर्ज मागवले, तर चौघेही विचारतील, 'बाकीचे तिघे भरताहेत का?'