मार्कर पेनला काळेवाडीतून अनावृत पत्र

मा. मार्कर पेन यांस,


१५ जानेवारी २०२६ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मतदानात काळेवाडीकरांच्या डाव्या तर्जनीवर, थोडी नखावर अन् थोडी कातडीवर, तुम्ही जी रेघ ओढलीत, ती नेलपॉलिश रिमूव्हरने जाते की राहते यावर राज्यभर रणकंदन झाले. वाहिन्यांवर बोटे, मोबाइलवर बोटे. राज्य निवडणूक आयोगाने खुलासा केला की २०११ पासून तुम्ही याच कामावर आहात. अभिनंदन! एवढी प्रसिद्धी आजवर कुठल्या स्टेशनरीला मिळाली?

पण काळेवाडीचा राग शाईवर नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत १३ मार्च २०२२ ला संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू बजावते. मतदान झाले तीन वर्षे दहा महिन्यांनी. आधी ओबीसी आरक्षणाचा पेच, मग प्रभाग तिघा नगरसेवकांचा की चौघांचा. तिघांच्या हिशेबाने १३९ नगरसेवक ठरले, तेवढ्यात सरकार बदलले. पुन्हा चौघांचे प्रभाग, पुन्हा १२८. यात एकही पक्ष सोवळा नाही. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सुनावले. तेही जमले नाही; ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढीव मुदत घेतली.

तोवर कारभार प्रशासकांचा. २०२५-२६ चा नऊ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला, प्रशासकांनीच मंजूर केला. विरोधात हात वर करायला सभागृहात होते कोण? फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरातल्याच चिखली-कुदळवाडीत आठवडाभर पालिकेचे बुलडोझर फिरले. चार हजारांवर बांधकामे आडवी झाली: भंगाराची गोदामे, वर्कशॉपचे पत्र्याचे शेड, त्यावर चूल पेटवणाऱ्यांची रोजी. बांधकामे अनधिकृत होती, मान्य. पण लेथ मशीन हलवायला चार दिवस मागायचे तर कुणाच्या दारात जायचे? नगरसेवकच नव्हता. लाखो मतदारांच्या शहराला जवळजवळ चार वर्षे मुके ठेवले आणि कुणाची खुर्ची हलली नाही! लाज वाटायला हवी होती, आणि ती तुम्हाला नव्हे.

आणि अखेर निवडणूक लागली तेव्हाही राज्यातल्या महापालिकांत साठाहून अधिक उमेदवार मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले. त्या जागांपुरते तुमचे काम मुळात उरलेच नव्हते.

खरे तर तुमची कीव येते. मतदान केंद्रावरच्या टेबलावर दिवसभर बोटे रंगवलीत आणि संध्याकाळी लोकशाहीचे गुन्हेगार ठरलात तुम्ही. तुमची रेघ पुसायला निदान रिमूव्हर तरी लागतो. ती तीन वर्षे दहा महिने कोरड्या हाताने पुसली गेली.

नव्या सभागृहाची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. काळेवाडीकरांनो, निवडणुकीची तारीख २०३० च्या दिवाळीपासूनच मागायला लागा. न्यायालय बोलेल म्हणून थांबू नका.

कळावे,
काळेवाडीचे मतदार