पट्टीचे आजोबा

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस सातारा जिल्ह्यात कुठेही ओळखू येतो. साहेबी जाते, पण हात खिशातल्या टेपकडे जायचा राहत नाही. आमचे तात्या त्यातलेच. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटणच्या शाळेत नुकतेच जाऊ लागले होते. तेव्हापासून हलणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. आणि पाळण्याला तर दुसरं कामच नाही!

सून पहिल्या बाळंतपणाला सांगलीला, माहेरी. नातू झाल्याचा फोन आला तेव्हा घरातल्यांनी नाक कुणाचं, रंग कुणाचा अशी चौकशी केली. तात्यांनी विचारलं, "पाळण्याच्या दोन दांड्यांत अंतर किती?"

बारशाच्या आदल्या दिवशी एका हातात कंदी पेढे आणि दुसऱ्या हातात स्टीलची पट्टी घेऊन स्वारी सांगलीत दाखल. विहीणबाईंनी माळ्यावरचा सागवानी पाळणा उतरवून, तेलपाणी करून ठेवला होता. "माझी चारही लेकरं ह्यातच वाढली ओ!"

तात्यांनी पट्टी लावली. आठ सेंटिमीटर. "सहाच्या वर चालत नाही, विहीणबाई. अंग निसटतं नि डोकं अडकतं."

मग तपासणी रंगली. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटं गेली, गादी बाद. मोहरीची उशी जप्त, दोन्ही बाजूंचे लोड जप्त. चिमणाळं हातभर वर टांगायचं. बाळ उताणं, घट्ट सपाट गादीवर, जवळ काही नाही. "डोकं चपटं होईल की!" विहीणबाई कळवळल्या. "होऊ दे. श्वास चालू राहू दे," तात्या म्हणाले. बाळ पालथं पडायला लागलं की पाळणा बंद, हेही त्यांनी सुनेकडून वहीत सहीनिशी लिहून घेतलं.

व्याह्यांनी मधला मार्ग काढला: दुकानातला, कठडा खाली सरकणारा नवा पाळणा आणू. "तसले अमेरिकेनं २०११ सालीच बंद केले." "अहो, पोरगं झोपणार गणपती पेठेत, अमेरिकेचं काय घेऊन बसलाय?" हा मुद्दा तात्यांनी नोंदवून घेतला नाही.

आता हेलकाव्याची चाचणी. रिकामा पाळणा हलवायचा म्हटल्यावर विहीणबाईंनी दोन्ही हात आडवे घातले, अपशकुन! तेव्हा बाळाच्या वजनाची, तीन किलो हळकुंडं दुपट्यात बांधून उताणी निजवली. विहीणबाईंनी गाठोड्याला तीटही लावली. तात्या घड्याळ धरून झोके देत राहिले. हळकुंडं एका अंगाला घसरली, म्हणजे पाळणा कलतो, म्हणजे साखळ्या सारख्या करणं आलं.

दांड्या वाढवायला सुतार सापडेना. शेवटी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला एक ओळखीचा कारागीर आला. त्यानं पाळण्याला दोन प्रदक्षिणा घातल्या, एका दांडीवर टिचकी मारून कान लावला आणि जरा गालातच हसत विचारलं, "तात्या, लावायचा कुठल्या पट्टीत?"

"सहा सेंटिमीटरच्या," तात्या म्हणाले. "मिलिमीटर इकडचा तिकडे नको."