काय दिवे विझवलेत!

प्रति,
श्रीयुत स्कॅनरधारी,
बी विंग, पुणे.

स. न. वि. वि.

पत्र उघडं पाठवतोय, कारण तुमचं कार्यही उघड्यावरच चालतं. रविवारी सकाळी पोहे आटोपले की पार्किंगच्या दोन खांबांमध्ये तुमचा दरबार भरतो. कुणाच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की तो सरळ तुमच्याकडे येतो. तुम्ही कमरेत वाकता, स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट चाचपता, निळ्या प्लास्टिकचं ते बोटभर यंत्र त्यात खुपसता, ब्लूटूथला एक-दोन-तीन-चार हा जगजाहीर पासवर्ड देता, मोबाइलकडे बघून 'हं' म्हणता आणि बटण दाबता. दिवा जातो. चहा येतो. पुढच्या रविवारी तोच गृहस्थ, तोच दिवा आणि आणखी एक चहा.

दिवे लावणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. विझवून तेवढंच काम करून दाखवणारे तुम्ही पहिलेच.

तुमचा अवतार का झाला, हे मला कळत नाही असं नाही. गाडी वर्कशॉपला न्यावी तर आधी स्कॅनिंगचे पैसे लावतात. मग लॅपटॉप आपल्याकडे पाठ करून उघडला जातो आणि हाती येतो तो इस्टिमेटचा कागद. त्यावर 'सेन्सर बदलणे' एवढंच. दोषाचा कोड कोणता होता म्हणून विचारलं तर सल्लागार असा चेहरा करतो, जणू आपण त्याचा पगार विचारला. असल्या कारभारापुढे काहीशे रुपयांचं यंत्र घेऊन स्वतःच खाली वाकणारा माणूस मला देवमाणूस वाटावा, आणि काही काळ वाटलाही.

शिवाय ते सॉकेट ही कुणा कंपनीची मेहेरबानी नव्हे. कॅलिफोर्नियातल्या धुरक्याला कंटाळून तिथल्या हवा मंडळाने हे खूळ काढलं, १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना एकाच आकाराचं सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीची, म्हणजे गाडीतल्या या स्वयंनिदान यंत्रणेची, पहिली पायरी आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी लागू झाली. हेतू हा, की गाडीची कुरकूर कुणालाही ऐकता यावी, ती कंपनीच्या तिजोरीत कुलूपबंद राहू नये. तेव्हा घरच्या घरी कोड वाचण्याला माझा आक्षेप असण्याचं कारणच नाही. आक्षेप एवढाच आहे की तुम्ही तो वाचत नाही.

तुमचा अंगठा 'क्लिअर'वर जातो तेव्हा काय पुसलं जातं, याची नोंद आपल्या माहितीसाठी. कोड नोंदवताना इंजिनाचा संगणक त्या क्षणाचा पंचनामा करून ठेवतो. फेरे किती होते, वेग किती, पाणी किती तापलं होतं, इंजिनावर भार किती, पेट्रोल जास्त पडत होतं की कमी. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला, आणि तुमच्याच ॲपमध्ये तो तीन टिचक्यांत दिसतो. थंड इंजिन, जागेवर उभी गाडी, असं त्यात असेल तर शोध एका दिशेने जातो. चौथा गिअर, ऐंशीचा वेग, जड भार असेल तर दुसऱ्या. बटण दाबलं की कोडाबरोबर हा पंचनामाही जातो. बऱ्याच गाड्यांत इंजिनाने महिनोन्महिने चालून स्वतःशी जुळवून घेतलेलं इंधनाचं प्रमाणही पुसलं जातं. मग पुढचे काही किलोमीटर गाडी सिग्नलला आचके देते, आणि तुम्ही म्हणता, 'पेट्रोलमध्ये भेसळ आहे.'

तुमच्या हातगुणाचा बोलबाला कशामुळे झाला, तेही सांगून टाकतो. बहुतेक दोषांच्या बाबतीत संगणक लगेच दिवा लावत नाही. एका फेरीत गडबड दिसली की ती कच्च्या यादीत टिपतो, लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसली तरच दिवा लावतो. त्यामुळे तुम्ही रविवारी पुसलेला दिवा सोमवारी ऑफिसात पोचेपर्यंत गप्प राहतोच, आणि सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तुम्हाला हात जोडलेले इमोजी पडतात. मंगळवारी दिवा परत येतो तेव्हा कुणी काही लिहीत नाही. गंमत म्हणजे दोष खरोखरच गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून जातो, आणि पुढे इंजिन चाळीसेक वेळा तापून निवलं की कोडही आपणहून पुसला जातो. म्हणजे ज्या गाड्या खऱ्याच बऱ्या झाल्या, त्यांना तुमची गरज नव्हती.

अमेरिकेत असता तर तुमचा धंदा बसला असता. तिथे अनेक राज्यांत प्रदूषण तपासणीलाच त्या सॉकेटात वायर घालतात. कोड नुकतेच पुसलेले असले की आतल्या स्वयंतपासण्या 'अपूर्ण' दिसतात, आणि अपूर्ण जास्त असल्या की गाडी परत पाठवतात. आपला पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये सारतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि पावती फाडतो. सॉकेटकडे तो ढुंकूनही बघत नाही. दिवा पेटलेल्या गाडीलाही प्रमाणपत्र मिळू शकतं. तेव्हा आपल्या साम्राज्याला या भूमीवर तूर्त धोका नाही, निश्चिंत असावे.

अमेरिकेवरून आठवलं. दिवा लागला की 'पेट्रोलचं झाकण तीनदा कट्-कट् वाजेपर्यंत आवळा' हा तुमचा आद्य मंत्र. तो तिकडच्या व्हिडिओंतून आलाय. तिथल्या नियमात टाकीतून पेट्रोलची वाफ अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून निसटली तरी गाडीला कळलं पाहिजे, म्हणून ढिलं झाकण तिथे खरंच दिवा लावतं. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यांत टाकीच्या गळतीची अशी परीक्षा सक्तीची नाही. तरी ए विंगच्या आजोबांनी झाकण आवळून आवळून त्याचा आटा घालवला. परवा पंपावर झाकण उघडायला दोन माणसं लागली.

आता सी विंगच्या देशपांडे सरांच्या गाडीचं प्रकरण, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. कोड आला पी०१७१. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची बाजू, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, आणि एकूण अर्थ असा की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. तुम्ही निकाल दिलात, 'ऑक्सिजन सेन्सर गेला.' अहो, हवा जास्त झाली ही बातमी त्या बिचाऱ्या सेन्सरनेच तर दिली होती! सरांनी नवा सेन्सर आणवला, बसवला, तुम्ही कोड पुसलात आणि आठवड्याच्या आत पी०१७१ पुन्हा हजर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शेवटी नाक्यावरचा मेस्त्री आला. त्याच्याकडेही तुमच्यासारखंच यंत्र होतं, हे मुद्दाम लिहितो. त्याने कोडाकडे एकदा बघितलं आणि ॲपमध्ये 'फ्युएल ट्रिम'चा आकडा लावून ठेवला. गाडी जागेवर चालू असताना तो अधिक वीसच्या वर होता, म्हणजे संगणक नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त पेट्रोल ओतून तूट भरून काढत होता. मग त्याने सरांना ॲक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर धरायला सांगितले. आकडा उतरत उतरत पाच-सहावर आला. मेस्त्री म्हणाला, 'हवा चोरून येतेय.' पंप किंवा फिल्टर अशक्त असता तर भार वाढल्यावर आकडा चढला असता. तो जागेवर जास्त आणि फेऱ्यांबरोबर कमी होतोय, याचा अर्थ कुठेतरी लहानशी फट आहे, आणि इंजिन भरपूर हवा ओढायला लागलं की तिचा हिस्सा नगण्य होतो. त्याने हवेच्या रबरी नळीचं कोपर दोन्ही हातांनी वाकवलं. वळणाच्या आतल्या बाजूला, वरून अजिबात न दिसणारी, नखाएवढी चीर उघडली आणि 'स्स्स' आवाज बदलला. नळीचे पैसे सेन्सरच्या मानाने किरकोळ होते. जुना सेन्सर सरांनी अजून फडताळात ठेवलाय, धडधाकट आहे, हवा असल्यास घेऊन जावा.

पावसाळ्यातली तळमजल्याच्या काकूंची गाडी तर तुम्हाला आठवत असेलच. कोड पी०११३, आत शिरणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट. तुमच्या मोबाइलवर चालू आकड्यांत स्पष्ट दिसत होतं, हवेचं तापमान उणे चाळीस अंश. पुण्यात! जुलैत! सर्किट तुटलं की सहसा हाच आकडा दिसतो, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेल्या उंदरांना वायरचं वेष्टण किती आवडतं ते सगळ्या पार्किंगला ठाऊक आहे. वाकून बघितलं असतं तर कुरतडलेली वायर आणि शेजारी लेंड्या, दोन्ही दिसलं असतं. तुम्ही बटण दाबलंत आणि काकूंना लिंबू-मिरची बदलायला सांगितलीत.

सीएनजीचं किट मागाहून बसवलेल्या मंडळींबद्दल फार लिहीत नाही, ते तुमचे कायमचे वर्गणीदार आहेत. गॅसचं प्रमाण नीट लावून घेतलेलं नसलं की पेट्रोलचा संगणक गोंधळतो आणि पी०१७१ नाहीतर त्याच्या उलटा पी०१७२ आलटून पालटून येत राहतात. किटवाल्याकडे जाऊन ट्यूनिंग करून घ्या, हे एक वाक्य तुम्ही त्यांना सांगितलंत तर तुमचे निम्मे रविवार मोकळे होतील.

इथवर थट्टा होती. पुढचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे पती-पत्नी महाबळेश्वरला निघाले होते, तेव्हा त्यांचा दिवा नुसता पेटलेला नव्हता, लुकलुकत होता. कोड पी०३०२, दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी हुकतेय. तुम्ही तो पुसलात आणि 'जा बिनधास्त' म्हणालात. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तिथे पेटतंय. त्यातली जाळी सिरॅमिकची असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा थर असतो, आणि पसरणीच्या चढावर गाडी असंच पेट्रोल ओतत राहिली तर ती जाळी वितळते. वितळली. त्या भागाची किंमत ऐकून वहिनींनी महाबळेश्वरचं नाव टाकलंय. एरवी उपाय असा, की दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. नवा कोड पी०३०३ आला तर कॉइल खराब, पी०३०२च राहिला तर प्लग, इंजेक्टर बघायचा. पाना एक, वेळ पाव तास, आणि इंजिन बंद व गार असताना. इथे मात्र कोड पुसण्याचं काम आहे, आणि ते तुम्हाला उत्तम येतं.

तुमच्या यंत्राबद्दल दोन शब्द. त्यातली चिप ज्या कॅनेडियन चिपची नक्कल आहे, ती ईएलएम३२७. तुमच्या यंत्राच्या खोक्यावर 'आवृत्ती १.५' असं अभिमानाने छापलंय. मूळ चिप बनवणाऱ्या कंपनीने १.५ आवृत्ती कधी काढलीच नाही. नक्कल असली तरी साधे कोड वाचायला चालते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ब्रेकच्या एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा लागलेल्यांना 'स्कॅनरमध्ये काही नाही, म्हणजे काही नाही' असं सांगू नका. तुमचं यंत्र आणि फुकटचं ॲप बहुतेक गाड्यांत इंजिनापलीकडे बघतच नाहीत. तसंच पी१ ने सुरू होणारे कोड ज्या त्या कंपनीचे खासगी असतात. एकीचा अर्थ दुसरीच्या गाडीला लावू नये.

मागणं फार नाही. बटण दाबण्याआधी कोड आणि त्याच्या पंचनाम्याचा स्क्रीनशॉट काढून गाडीच्या मालकाला पाठवा. इंजिन कशामुळे कुरकुरतंय ते शोधून दुरुस्त झालं की मग खुशाल पुसा. चहा तेव्हाही मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ए विंगमधला एक शेजारी

ता. क. : काल संध्याकाळी तुम्ही स्वतःची गाडी काढत होतात तेव्हा मी खिडकीशी उभा होतो. किल्ली फिरवल्यावर ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, एअरबॅगचा लागला. इंजिनाचा लागला नाही. दिवा चालू आहे हे कळावं म्हणून इंजिन सुरू होण्याआधी तो एकदा लागायलाच हवा. बल्ब गेलाय की काढलाय, ते तुम्हालाच ठाऊक. गाडी विकायला काढली आहे असं वॉचमनकडून कळलं. माझा मेहुणा बघायला येतोय, मेस्त्रीला बरोबर घेऊन.